डोंग्यातून एकट्यानं बेटावर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या गावासमोर जी बेटं दिसतात ती माझ्या आजीच्या वेळी बेटं नव्हती, टेकड्या होत्या. तिथं ढोरं चरायची, उन्हाळ्यात पोरं टेंभरं वेचायला जायची. १९८८ साली भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं, पुढं पाणी अडलं, वैनगंगा आजूबाजूच्या शेतांत आणि गावांत पसरली आणि टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. आता तिकडं जायचं तर डोंगा लागतो.

अलीकडं तिकडं एकट्यानं जायचं म्हणणारे बरेच भेटतात. शहरातली नोकरी सोडून गावी परतलेली आणि मच्छीमार संस्थेत नव्यानं नाव घातलेली पोरं, पक्षी बघायला येणारे, फोटो काढणारे. यातले बहुतेक पोहतात, डोंग्यात बसलेलेही असतात. पण वल्हं दुसऱ्याच्या हातात असताना. दोघं असले की एक वल्हवतो, दुसरा पाणी उपसतो, आभाळ बघतो, काही चुकलं तर टोकतो. एकट्याला हे सगळं स्वतःच करावं लागतं आणि थकल्यावरही करावं लागतं. मी इथं परतीबद्दल जास्त लिहिणार आहे, कारण नवख्या माणसाचे हाल परतताना होतात.

माझेही झाले होते. एकोणीस वर्षांचा असताना मार्च महिन्यात सकाळी सात वाजता मी एकटा निघालो. बेट जेमतेम दीड किलोमीटरवर, पाणी आरशासारखं. अर्ध्या तासात पोचलो, दुपारपर्यंत रमलो आणि एक वाजता परत निघालो, तेव्हा पश्चिमेचा वारा थेट तोंडावर. दहा मिनिटं जीव तोडून वल्हवलं आणि मागं वळून पाहिलं तर बेट होतं तिथंच. डोंगा आडवा झाला, बाजूनं दोन लाटा आत आल्या आणि पाय घोट्यापर्यंत बुडाले. कसाबसा वळून बेटावर परतलो. जाळी बघायला निघालेले शेजारचे ढिवर काका लांबून हे बघत होते. जवळ येऊन ते एवढंच म्हणाले, "वारा पडन तवा ये. अंधाराले नोको भेऊ, लाटेले भे." संध्याकाळी सातनंतर वारा पडला आणि मी घरी पोचलो. माय काठावर कंदील घेऊन उभी होती. तिला मी कुठं जातोय हे सांगितलंसुद्धा नव्हतं. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

महिना आणि वेळ

पहिल्या फेऱ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. धरण भरलेलं असतं, पाण्याखालची खोडं खोल असतात आणि वारा सौम्य असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुकं बसतं. समोरचं बेट स्पष्ट दिसल्याशिवाय डोंगा लोटू नका, मग नऊ वाजले तरी चालेल. धुक्यात माणूस सरळ जातोय असं समजून गोल फिरतो.

मार्चनंतर पाणी उतरायला लागतं. रब्बीच्या आणि उन्हाळी पिकांच्या पाळ्या सुटतात तशी नवी बेटं उघडी पडतात, आणि बुडालेली झाडं पाण्याच्या अगदी खाली येऊन थांबतात. दिसत नाहीत, पण डोंगा त्यांवर अडकतो. त्यात दुपारचा वारा. उन्हाळ्यात जायचंच असेल तर उजाडताना निघा आणि दहाच्या आत काठावर या. एप्रिल-मेमध्ये अवकाळीची भीती वेगळी असते, तिच्याबद्दल पुढं लिहितो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत एकट्यानं जायचंच नाही. गोसीखुर्दला तेहतीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते कधी किती उघडतील त्याप्रमाणे पाण्याची ओढ बदलते. धरणाची भिंत, सांडवा आणि कालव्याचं तोंड यांच्या जवळपास तर कुठल्याच महिन्यात जाऊ नका. वरून पाणी शांत दिसतं आणि खालून खेचत असतं.

कोणाला विचारायचं

जलाशय पाटबंधारे खात्याचा असतो आणि मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. संस्थेच्या माणसांना भेटल्याशिवाय पाण्यात उतरू नका. परवानगीचा प्रश्न आहेच, पण जाळी कुठं लागलीत, कुठल्या बेटाच्या कुठल्या अंगाला दगड आहेत, कुठं जुन्या गावाच्या भिंती उभ्या आहेत, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. कुठल्याही नकाशापेक्षा ढिवर काकांसोबत घालवलेली एक सकाळ जास्त शिकवते. त्यांच्या डोंग्यात पुढं बसून दोन-तीन फेऱ्या करा आणि तोंड बंद ठेवून बघा.

काठाचा काही भाग उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला लागून आहे. त्या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही. तिथं वाघ आहेत, आणि वाघ चांगला पोहतो.

डोंगा बघणं

जुने लाकडी डोंगे आता कमी झाले. पत्र्याचे जास्त, काही फायबरचे. ट्यूबवर किंवा थर्मोकोलवर बसून जाळी टाकणारेही आहेत, पण त्यावर बसून बेट गाठायचा विचार नवख्यानं करू नये. लाकडी डोंगा पाणी भरलं तरी पूर्ण बुडत नाही. पत्र्याचा सरळ तळाशी जातो, आणि हा फरक जिवावर बेततो. म्हणून पत्र्याच्या डोंग्यात दोन्ही टोकांना रिकामे, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे दोरीनं पक्के बांधा. हिशेब सोपा आहे: दहा लिटरचा रिकामा डबा पाण्याखाली गेला की साधारण दहा किलो वजन उचलून धरतो. वीस लिटरचे चार डबे असले तर डोंगा पाण्यानं भरूनही तरंगत राहील आणि तुम्हाला धरायला काहीतरी असेल.

आदल्या दिवशी डोंगा पाण्यात सोडून आत तुमच्या वजनाइतके दगड ठेवा आणि तासभर थांबा. पाणी कुठून झिरपतं ते दिसेल. सांध्यांना डांबर लावून पुन्हा तपासा. थोडं झिरपणं चालतं; पण किती वेळानं उपसावं लागतं हे निघण्याआधी ठाऊक हवं.

आणखी एक अडचण एकट्यालाच येते. माणूस मागं बसला की डोंग्याचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि वारा ते टोक पानासारखं फिरवतो. काही जण पुढं रेतीचं पोतं ठेवतात. ते करू नका, डोंगा भरला तर पोतं त्याला खाली ओढेल. त्याऐवजी पुढं पाण्यानं भरलेली वीस लिटरची कॅन बांधून ठेवा. डोंगा कोरडा आहे तोवर ती वीस किलोचं वजन देते. डोंग्यात पाणी शिरलं तर पाण्यातल्या पाण्याला वजन उरत नाही. ही युक्ती मला फार उशिरा कळली.

अंगावर आणि सोबत

लाइफ जॅकेट अंगात, बंद लावलेलं. डोंग्यात ठेवलेलं जॅकेट डोंगा उलटल्यावर हाती लागत नाही. "मला पोहता येते ना भाऊ," असं मला दर हिवाळ्यात कोणीतरी म्हणतं. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात, सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यातल्या झुंजला वर्धा नदीत, जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नावा उलटल्या आणि आपल्याच भागातली माणसं गेली. गणपूरच्या बाया मिरची तोडायला निघाल्या होत्या. हे वाचूनही जॅकेट घालायचा कंटाळा येत असेल तर कृपा करून जाऊ नका.

बाकीचं सामान थोडंच आहे. दुसरं वल्हं, कारण पहिलं हातातून सुटलं तर एकट्याला आणून देणारं कोणी नसतं. पाणी उपसायला तेलाचा कापलेला डबा, तोही दोरीनं डोंग्याला बांधलेला. पंधरा-वीस मीटर दोरी आणि नांगराला दगड. गळ्यात शिटी. मोबाइल वॉटरप्रूफ पाकिटात, पूर्ण चार्ज केलेला. ११२ नंबर कुठूनही लागतो, पण नेटवर्क असेल तरच, आणि काही बेटांच्या मागं ते नसतं. टॉर्च, प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली आगपेटी, एक चादर. तासाभराची फेरी असली तरी चादर घ्या. रात्र बेटावर काढायची तयारी असलेला माणूसच चुकीच्या वेळी परत निघायची घाई करत नाही.

प्यायचं पाणी घरून, निदान तीन लिटर. बॅकवॉटरचं पाणी पिऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. खायला गूळ, भाजलेले शेंगदाणे, भाकर.

काठावरचा सराव

याला चार-पाच सकाळी द्या. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो गाळतात.

पहिल्यांदा नुसतं सरळ जायला शिका. एकाच बाजूनं वल्हवलं की डोंगा दुसऱ्या बाजूला वळतो. दर वेळी बाजू बदलत बसलात तर अंगावर पाणी सांडतं आणि वेग जातो. त्याऐवजी वल्हं मागं ओढून झालं की शेवटी त्याचं पातं थोडं तिरपं करून डोंग्यापासून बाहेरच्या बाजूला ढकला. टोक पुन्हा सरळ येतं. दोनशे-तीनशे वेळा केलं की हात आपोआप करायला लागतो. बसायचं खाली, डोंग्याच्या तळाला टेकून किंवा गुडघ्यांवर. उभं राहून बांबूनं रेटणारे काका बघून मोह होतो, पण त्यांचा तोल चाळीस वर्षांचा आहे. बांबू हातात असेल तर वरून गेलेल्या विजेच्या तारांकडंही लक्ष ठेवा; पाणी चढलं की तारा जवळ येतात.

मग वजन सरकवणं. वारा समोरून असेल तर थोडं पुढं सरका, म्हणजे पुढचं टोक दबून राहतं आणि वाऱ्यावर फिरत नाही. वारा पाठीमागून असेल तर मागं सरका. लाट कधीही बाजूवर घेऊ नका, टोकावर किंचित तिरपी घ्या. यासाठी वाट लांबली तर लांबू द्या.

नंतर उलटण्याचा सराव. छातीइतक्या पाण्यात, मित्र काठावर उभा, जॅकेट अंगात, आणि डोंगा मुद्दाम उलटा करा. तो सुलटा कसा करायचा, हलवून हलवून पाणी कसं सांडायचं, पुन्हा आत कसं चढायचं. बाजूनं चढायला गेलात तर तो पुन्हा उलटतो. टोकाकडून पोटावर सरपटत चढा. एवढ्या पाण्यात जमत नसेल तर खोल पाण्यात जमणार नाही, म्हणून जमेपर्यंत करा. आणि मनात पक्कं बसवा: डोंगा उलटला तर डोंगा सोडायचा नाही. काठ दिसतो त्यापेक्षा नेहमी लांब असतो. पाण्यावर मध्ये झाड-झुडूप काही नसल्यानं नजर फसते.

शेवटी स्वतःचा वेग मोजा. काठानं एक किलोमीटरचं अंतर ठरवा, मोबाइलवर मोजता येतं, आणि निवांत पाण्यात किती मिनिटं लागतात ते बघा. नवख्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मग मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी, काठाजवळूनच, तेच अंतर वाऱ्याच्या तोंडावर कापा. हा दुसरा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा. बेटाचा हिशेब याच आकड्यानं करायचा.

बेट निवडणं

पहिलं बेट एक किलोमीटरच्या आतलं, काठावरून सगळं दिसणारं. आणि शक्यतो वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेचं. जाताना ताजे असता तेव्हा वाऱ्याशी झगडा. परतताना थकलेले असता तेव्हा तोच वारा घरी आणतो. माझ्या त्या मार्चमधल्या सकाळी मी नेमकं उलटं केलं होतं.

शक्तीचे तीन वाटे करा. एक जायला, एक यायला, एक राखीव. जायला ठरवलेला वेळ संपला आणि बेट आलं नाही तर वळा, मग ते शंभर मीटरवर असलं तरी. हा निर्णय काठावर असतानाच घेऊन ठेवायचा. पाण्यात गेल्यावर मन सबबी शोधतं.

घरच्या किंवा संस्थेच्या एका माणसाला स्पष्ट सांगून जा: कुठलं बेट, कुठल्या बाजूनं, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला निघायचं. आमच्याकडं खुणाही ठरलेल्या आहेत. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. बेटावर लाल कापड म्हणजे मी ठीक आहे, वारा पडल्यावर येतो. तुम्ही तुमच्या खुणा ठरवा, पण दोघांना सारख्याच कळल्या पाहिजेत.

पाण्यात

निघाल्यावर मागं वळून काठावरच्या दोन खुणा धरा, एक जवळची, एक त्याच रेषेत लांबची. आमच्याकडं मारुतीच्या देवळाचा झेंडा आणि त्यामागचा मोबाइल टॉवर. दोन्ही एकावर एक दिसताहेत तोवर तुम्ही सरळ जाताय. झेंडा टॉवरच्या डावीकडं-उजवीकडं सरकायला लागला की वारा तुम्हाला बाजूला नेतोय. समुद्रात एकट्यानं शिडाची होडी नेणारेही अशाच दोन खुणांच्या रेषेवर भरवसा ठेवतात. त्यांना भरती-ओहोटीचा हिशेबही ठेवावा लागतो; आपल्याला फक्त वाऱ्याचा आणि धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा.

थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे. दोन तुकड्यांच्या मधोमध, जाळ्याला काटकोनात जा आणि तेवढा वेळ वल्हं पाण्याबाहेर धरा. अडकलं तर हातानं सोडवा. जाळं कापायचं नाही, ते कोणाच्या तरी घरचं पोट आहे. जलकुंभीचे तांडे वाऱ्यानं सरकत येतात. त्यांतून वाट काढण्यापेक्षा वळसा घाला.

आता वीज. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ काळं व्हायला अर्धा तास पुरतो. पाऊस यायच्या आधी अचानक गार वारा सुटतो आणि तो भलत्याच दिशेनं येतो; नवख्यांचे डोंगे उलटतात ते याच वाऱ्यात. निघण्याआधी नागपूरच्या हवामान केंद्राचा जिल्ह्याचा इशारा बघा आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप उघडा. यलो अलर्ट असेल तर जाणं रद्द. पाण्यात असताना वीज चमकली तर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तिनानं भागा, तेवढे किलोमीटर ती लांब आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर जो जवळ असेल तो काठ गाठा. सपाट पाण्यावर सगळ्यांत उंच तुम्हीच असता. बेटावर असाल तर एकट्या झाडाखाली थांबू नका. उतारावर सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसा.

बेटावर

उतरल्यावर पहिलं काम डोंगा. अर्ध्याहून जास्त वर ओढा आणि दोरी खोडाला किंवा मोठ्या दगडाला बांधा. पाणी चढतं, वरच्या भागात पाऊस झाला तर तुम्हाला आभाळ निरभ्र दिसत असतानाही चढतं. पाण्यात उभा ठेवायचाच असेल तर खोलीच्या निदान चौपट-पाचपट दोरी सोडून दगड टाका. आखूड दोरीवर दगड घसरतो.

आणि तरी डोंगा सुटून गेला तर? त्याच्या मागं पोहू नका. रिकामा डोंगा वाऱ्यावर पोहणाऱ्यापेक्षा जोरात पळतो. बेटावर बसा, मदतीच्या तीन शिट्ट्या वाजवा, वाट बघा. डोंगा परत मिळतो.

उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय हा पक्षी अंडी घालतो, घरटं न करता, रेतीत आणि खड्यांतच. पाय पडेपर्यंत अंडी दिसत नाहीत. डोक्यावर पक्षी ओरडत झेपा घ्यायला लागले की तिथूनच मागं फिरा. तुम्ही दहा मिनिटं उभे राहिलात तर तेवढ्या उन्हात अंडी शिजतात.

एका बेटावरून दुसऱ्यावर जाणं पहिल्या पाच-सहा फेऱ्यांनंतरच. त्यात नवं काही नाही, फक्त दर बेटावर थांबून हिशेब पुन्हा करायचा: वारा बदलला का, उजेड किती उरला, इथून घर किती लांब. पुढच्या बेटापासूनचं नाही, घरापासूनचं अंतर मोजायचं. दुसरं बेट जवळ दिसतं आणि ते गाठल्यावर घर दुप्पट लांब गेलेलं असतं. दोन बेटांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात वारा कोंडून जोर धरतो, हेही लक्षात असू द्या.

परतीच्या वेळी वारा अंगावर असेल आणि लाटांना पांढरे तुरे दिसत असतील, तर निघू नका. चादर काढा, भाकर खा. उन्हाळ्यात बहुधा सूर्य बुडाल्यावर वारा पडतो. अंधारात पाणी शांत असेल आणि काठावरचा दिवा दिसत असेल, तर त्या वेळी येणं दुपारच्या लाटांतून येण्यापेक्षा सुरक्षित आहे. टॉर्च पुढं लावून ठेवा, म्हणजे जाळी बघायला निघालेल्या दुसऱ्या डोंग्याला तुम्ही दिसाल.

काठाला लागलात की आधी त्या माणसाला फोन, मग बाकीचं. डोंगा ओढून पालथा घाला, डबे आणि दोऱ्या तपासा. आणि त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, निघालो किती वाजता, वारा कुठून, जायला किती मिनिटं, यायला किती. माझ्या वहीत पहिल्या पानावर त्या मार्चच्या दिवशीचा आकडा आहे: जायला तीस मिनिटं, यायला साडेसहा तास.